झिरा, वाळू आणि वस्तीची विहीर

आपल्या साहित्यात पाणवठा फार आला आहे. विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून ताटकळणारी आई, वरून ओंजळीत पाणी ओतणारा हात, चुकून दोर शिवला म्हणून खाल्लेला मार, हे कवितेत आले, कथेत आले, आत्मकथनांत तर पानोपानी आले. ते यायलाच हवे होते. परंतु पाणवठ्यावरच्या माणसाविषयी आपण जितके लिहिले तितके त्या पाण्याविषयी लिहिले नाही. पाणी जमिनीत राहते कसे, ते कोणत्या वाटेने विहिरीत उतरते, आणि कोणी कोठे खणले म्हणजे ते आपल्या विहिरीतून निघून जाते, हा विषय इंजिनियरांचा आणि सरकारी खात्यांचा समजून आपण सोडून दिला. बीड जिल्ह्यात नद्यांची वाळू आणि डोंगरांचा दगड ज्या रीतीने उपसला गेला आहे ती पाहता हे सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून हे लिहीत आहे. मी लेखक नाही. माझी सारी नोकरी विहिरींतले पाणी मोजण्यात गेली.

नोकरी मोठी गमतीची होती. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कोठपर्यंत ओला झाला ते पाहायचे आणि नोंदवहीत आकडा लिहायचा. वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात. त्याच त्या विहिरी, वर्षानुवर्षे. ज्या विहिरींच्या काठाशी माझ्या आईला कोणी उभे राहू दिले नसते त्या विहिरींत मी फीत सोडत होतो. एका गावी विहिरीच्या मालकाने आधी माझे आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग फीत धुतली आहे का, असे विचारले. मी म्हणालो, फीत प्रत्येक विहिरीत धुतली जातेच. तो हसला नाही. मी आकडा लिहून घेतला व निघालो. त्या गावाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तेथे पाणी नऊ मीटरवर होते, एवढे अजून लक्षात आहे.

माझे गाव सिंदफणेच्या काठी, माजलगावच्या धरणाच्या वरच्या अंगाला. सिंदफणा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते, बीड शहरातून येणारी बिंदुसरा पोटात घेते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. १९६५ च्या सुमारास, म्हणजे माझ्या लहानपणी, गावात दोन विहिरी होत्या आणि दोन्हींवर आम्हांला मज्जाव होता. मग आम्ही पीत काय होतो? नदी. पण आमची नदी बारमाही नव्हे. माघ लागला की धार तुटायची आणि वाळूचे पांढरे पात्र उघडे पडायचे. तेव्हा आई झिरा खोदायची. हातांनी वाळू उकरायची; दीड-दोन हातांवर ओल लागायची, मग गढूळ पाणी. ते दोन-तीनदा उपसून फेकले की तळाशी आरशासारखे नितळ पाणी जमायचे. वाटीवाटीने घागर भरायची. अर्धा-पाऊण तास लागायचा. ‘लई गोड पानी व्हतं, हिरीच्या पान्याला न्हाई त्याची सर,’ असे आई मरेपर्यंत म्हणत असे.

झिऱ्यांच्याही जागा ठरलेल्या होत्या. वरच्या अंगाला गावाचे झिरे, त्याखाली गुरांची पाणी प्यायची जागा, त्याखाली आमचे. मातंगांचे झिरे आमच्याही खाली असत आणि त्यांनी वर सरकू नये याची काळजी आमची माणसे घेत, हेही येथे लिहिले पाहिजे. वाळू मात्र हे काही जाणत नव्हती. वरच्या झिऱ्याच्या आसपासचे पाणीच आतल्या आत सरकत आमच्या झिऱ्यात येई आणि आमच्याकडचे त्यांच्याकडे जाई. पृष्ठभागावर पाळलेले सोवळेओवळे दोन हात खाली कोणालाही पाळता आलेले नव्हते. विहिरीवर ज्याला बंदी होती त्याची विहीर म्हणजे ही वाळू होती. तिला बांधकाम नव्हते, कठडा नव्हता, मालक नव्हता. आणि तिला मालक नव्हता म्हणूनच पुढे तिचा सौदा इतक्या सहज झाला.

आता हे पाणी तेथे राहत कसे होते ते पाहू. आपला जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला. या बुडबुड्यांच्या खडकाला विहिरी खणणारे आपले लोक मांजऱ्या म्हणतात. काही थरांच्या मध्ये गेरूसारखी तांबडी पट्टी लागते. ती पाणी अडवून धरते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग चिरा पडलेला खडक, आणि त्याखाली कातळ, असा हा सारा पसारा. यात पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि चिरांत. कातळात पाणी नसते. असा खडक भिजून पूर्ण भरला तरी शंभर भाग खडकातून एक ते तीन भागच पाणी हाती लागते. नदीच्या भरड वाळूतून मात्र शंभराला वीस ते तीस भाग पाणी मिळते. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि लहरीने. तेव्हा पाषाणाच्या या प्रदेशात निसर्गाने पाणी साठवायला जी थोडी मोठी भांडी दिली त्यांतले सर्वांत मोठे भांडे नदीची वाळू होय.

वाचकांनी थोडा हिशेब सोसावा. एक हेक्टर पात्रात एक मीटर जाडीची वाळू आहे असे धरा. ती झाली दहा हजार घनमीटर. चतुर्थांश पाणी धरले तर अडीच हजार घनमीटर, म्हणजे पंचवीस लाख लिटर. पाचशे माणसांच्या वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले (हे सरकारनेच जलजीवन मिशनसाठी ठरविलेले माप आहे) तर रोजचे साडेसत्तावीस हजार लिटर झाले. म्हणजे त्या एक मीटर वाळूतले पाणी वस्तीला नव्वद दिवस पुरते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे अखेरपर्यंत, बरोबर जेवढे दिवस आमची माय झिरा खोदत होती तेवढे. तेवढ्याच आकाराच्या खडकातले पाणी, शेकडा दोन भाग धरून, आठवडाभर पुरेल. हा हिशेब उलट बाजूनेही करता येतो. वाळू ब्रासने विकली जाते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. एका ब्रासमध्ये सुमारे सातशे लिटर पाणी राहण्याची जागा असते. तीन ब्रासचा टिप्पर नदीतून वर चढतो तेव्हा दोन हजार लिटरांची टाकी कायमची उचलून नेली जाते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो ऐकायला बिनतोड वाटतो. ठेकेदाराकडच्या एका माणसाने मला तो ऐकवला होता. तो म्हणाला, ‘साहेब, वाळूनं जागा अडवली होती. ती काढली तर खड्ड्यात उलट चौपट पाणी मावंल.’ पावसाळ्यात मावते, हे खरे आहे. पण मे महिन्याच्या उन्हात आपल्याकडे उघड्या पाण्यातून रोज एक सेंटिमीटर आणि त्याहूनही अधिक पाणी उडून जाते. वाळूच्या खाली दोन हात दडलेल्या पाण्याला ऊन जवळजवळ पोचतच नाही. दुसरे असे की वाळू गाळणी असते. झिऱ्याचे पाणी गोड आणि निवळ होते ते त्यामुळे. खड्ड्यातले पाणी म्हणजे डबके. त्यात गुरे बसतात, शेवाळ धरते आणि तळाला गाळ बसून पाणी खाली उतरण्याची वाटही बुजते.

पण याहून मोठी गोष्ट तिसरी आहे. नदीचा तळ हा दोन्ही काठांच्या विहिरींच्या पाण्याचा उंबरठा असतो. पावसाळ्यानंतर काठच्या जमिनीतले पाणी हळूहळू नदीकडे उतरत असते. नदीतले पाणी जेवढ्या उंचीवर थांबते तेवढ्या उंचीच्या फार खाली काठच्या विहिरी सहसा जात नाहीत. वाळू काढून तळ दोन मीटर खाली नेला म्हणजे हा उंबरठा दोन मीटर खाली गेला. मग पाणी त्या नव्या उंबरठ्यापर्यंत उतरते. विहिरीच्या मालकाने एक बादलीही जास्त उपसलेली नसते आणि तरी पाणी खाली जाते. तो देवाला दोष देतो, पावसाला दोष देतो, बोअरवाल्याला दोष देतो. वाळूकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण वाळू गेली ती अर्ध्या मैलावरून आणि रात्रीची.

वाळू पुन्हा येते, असेही म्हणतात. पुराबरोबर येते हे खरे. पण किती, याचा विचार हवा. आपला काळा पाषाण झिजला की त्याची बहुतेक काळी माती होते, वाळू थोडी होते. जी होते ती धरणांत अडकते. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. त्यानंतर राक्षसभुवनपासून मंजरथपर्यंत आपल्या जिल्ह्याच्या काठाने वाहणाऱ्या गोदावरीला वरची भरड वाळू मिळणे बंदच झाल्यासारखे आहे. धरणाचे पाणी खाली सुटते, वाळू मागे राहते. म्हणजे गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत गोदाकाठी जी वाळू होती ती बहुतांशी पूर्वजांची ठेव होती. ठेव मोडून खाणाऱ्याला व्याजाची भाषा बोलता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पातळी उतरते ती सगळ्यांचीच उतरते. मग आमच्याच वस्तीची विहीर आधी का आटते? यात कोणाचा शाप नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीला सरकारी विहीर मिळाली. वस्ती गावाच्या उताराला, नदीकडच्या बाजूला. पूर आला की पाणी आधी आमच्यात शिरायचे. पण त्याच कारणाने पाणी जमिनीत वरही होते. चार परसांवर भरपूर पाणी लागले. (आमच्याकडे विहीर परसाने मोजतात, साधारण सहा फुटांचा एक परस.) मुरूम संपला, मांजऱ्या थोडा लागला आणि पैसे संपले. पैसे संपले तेथे विहीर संपली. गावातल्या बागायतदाराची विहीर मात्र दहा परस. कातळ फोडून खाली नेलेली, तळाशी आडवे बोअर मारलेले. नदीचा तळ दोन मीटर उतरला, म्हणजे एका परसाहून थोडा जास्त. दहा परसांच्या विहिरीला ते जाणवतही नाही. तिची मोटर तासाऐवजी पाऊण तास चालते. चार परसांच्या विहिरीत उन्हाळ्यात एरवी एकच परस पाणी असे. ते गेले. तळ दिसू लागला. शिवाय खोल विहिरीची मोटर चालली की भोवतालचे पाणी तिच्याकडे उतरते, आणि त्या उतारावर आमची उथळ विहीर असते.

मधल्या काळात हातपंप आले, हे विसरून चालणार नाही. बहात्तरच्या आगेमागे खडक फोडणारी वाऱ्याची यंत्रे मराठवाड्यात आली. जालन्याच्या मिशनमध्ये आणि सोलापूरच्या कारखान्यात घडलेल्या पंपांच्या अनुभवावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला आणि तो देशभर गेला. आमच्या वस्तीत तो बसला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावले होते. मला त्या वेळी राग आला होता. आज वाटते, ज्या लोखंडाने कोणाची जात विचारली नाही त्याच्याविषयी त्यांना तेवढे वाटणारच. पण पंपाखालचे पाणीही तेच, मांजऱ्यातले आणि चिरांतले. वरून भरणा थांबला की तेही संपते.

नदीतून आता डोंगराकडे वळू, कारण सरकार आणि ठेकेदार दोघेही तिकडे वळत आहेत. नदीची वाळू संपत आली तेव्हा दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू पुढे आली आणि २०२५ साली राज्याने तिचे धोरणही जाहीर केले. नदीच्या दृष्टीने हे चांगले आहे. पण दगड आकाशातून येत नाही. बालाघाटच्या उतारावर खडीच्या खदानी आहेत, त्यांत भर पडेल. हे उतार पुष्कळदा गायरान असतात, आणि गायरान म्हणजे आपल्या भूमिहीन माणसांनी पोट भरण्यासाठी कसलेली जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून ज्या जमिनीसाठी आपली माणसे तुरुंगात गेली तीच ही जमीन. सातबारावर त्यांचे नाव चढायला पिढ्या जातात.

खदानीत पहिल्यांदा जातो तो मुरूम. रस्त्याला मुरूम, घराच्या भरावाला मुरूम. पण डोंगरउतारावर पावसाचे पाणी पिऊन घेणारा थर तोच. मुरूम खरवडला की उघड्या कातळावरून पाणी धावत सुटते. खदान आणखी खाली गेली, चिरांचा थर फोडला, की बाजूंनी पाणी आत येऊ लागते. काम चालू ठेवायचे तर इंजिन लावून ते उपसावे लागते. या उपशाने खदानीभोवती पाण्याची पातळी वाडग्यासारखी खचते. वाडग्याच्या मधोमध खदान आणि कडेला विहिरी. घट्ट खडकात हे वाडगे अरुंद व खोल असते; चिरा ज्या दिशेने गेल्या त्या दिशेला ते लांबवर पसरते. म्हणून एक विहीर आटते आणि तिच्याच शेजारची भरलेली राहते. मग गावात भांडणे लागतात की ‘तुमची आटली नाही, तुम्ही खोटे बोलता’. दोघेही खरे बोलत असतात.

सुरुंगांविषयी मी थोडे वेगळे मत मांडणार आहे आणि ते आपल्या काही कार्यकर्त्यांना आवडणार नाही. ‘बार उडाला आणि हिरीचं पाणी पळालं’ ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली. सुरुंगाने जवळच्या विहिरीचे बांधकाम ढासळते, चिरा रुंदावतात, कधी पाण्याची वाट बदलते, हे होते. पण मी मोजलेल्या बहुतेक विहिरींत पाणी बाराने एका रात्रीत गेलेले नव्हते. ते इंजिनाच्या उपशाने महिन्यामहिन्याने गेले होते. तक्रार बारावर केली की चौकशीला येणारा माणूस घरांच्या भिंती पाहतो, तडा नाही असे लिहितो आणि जातो. तक्रार उपशावर करा. इंजिन किती तास चालते, किती इंची नळी आहे, पाणी कोठे सोडले जाते, हे लिहून ठेवा.

खदान बंद पडली की खड्डा राहतो आणि त्यात पाणी साचते. खदानीवर राहणारी वडार कुटुंबे आणि इतर मजूर तेच पाणी वापरतात. कडा सरळ तुटलेल्या, पायरी नाही, पोर घसरले तर वर येत नाही. पाण्याचे म्हणाल तर आपला पाषाण त्या बाबतीत बरा. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणींत गंधकाचे खनिज असते, हवा-पाणी लागून त्यातून आंबट पाणी झरू शकते. गोव्यात लोखंडाच्या खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या, विहिरी आटल्या आणि तांबडा गाळ भातखाचरांत उतरला, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेथील खाणकाम थांबवावे लागले. आपल्या काळ्या दगडात तसे विष नाही. पण सुरुंगाच्या दारूतला नायट्रेट पाण्यात उतरतो, डिझेल उतरते आणि माणसांची घाण उतरते. तान्ह्या मुलांना नायट्रेटचे पाणी वाईट, एवढे तरी आयाबायांपर्यंत पोचले पाहिजे.

ही वाळू भरते कोण, दगड फोडते कोण, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. ऊसतोडीहून परत आलेली आमचीच पोरे रात्री फावडी-घमेली घेऊन नदीत उतरतात. एका ट्रॅक्टरमागे मिळणारी मजुरी शेतातल्या दिवसाच्या मजुरीहून जास्त. माझ्या पुतण्यानेही दोन हंगाम हे काम केले. मी त्याला हिशेब सांगू लागलो, ब्रासला सातशे लिटर वगैरे. तो म्हणाला, ‘चुलते, तुमाला पेन्शन हाय.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. एवढेच म्हणतो की त्याच्या आईला उन्हाळ्यात टँकरमागे धावावे लागते तेव्हा त्या धावण्याची मजुरी कोणी धरत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. नदीची वाळू सरकारच्या मालकीची, हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ठरविले आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणींनाही पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागेल असा निकाल दिला. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्रातली खोदाई तीन मीटरपर्यंत किंवा पाणी लागेपर्यंत, यांतले जे आधी येईल तेथेच थांबली पाहिजे. ‘पाणी लागेपर्यंत’ हे शब्द लक्षात ठेवा. खड्ड्यात पाणी दिसले की त्यापुढचा प्रत्येक फावडा बेकायदा आहे. केरळने तर नद्यांची वाळू वाचविण्यासाठी २००१ मध्येच स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे धोरण दोन-चार वर्षांनी बदलते: २०२३ मध्ये डेपोवरून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव आले. ब्रासच्या भावाची चर्चा वर्तमानपत्रांत रोज होते. त्यातल्या सातशे लिटरांचा भाव कोणी काढत नाही.

जमिनीखालच्या पाण्याची गोष्ट याहून विचित्र आहे. १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून असे मानले गेले की आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी आहे ते काढण्याचा हक्क जमिनीच्या मालकाचा. मग ज्याला जमीनच नाही त्याच्या पायाखाली काय आहे? कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. तेथे कोणाला जातीवरून अडविता येणार नाही. त्यासाठी महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि न्यायालयातला लढा १९३७ पर्यंत चालला. आपण महाड साजरे करतो, आणि केलेच पाहिजे. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले आणि खाणी, पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते, हे आपल्या भाषणांत क्वचित येते. दामोदर आणि महानदी या नद्यांचा विचार त्यांनी एकेका गावापुरता किंवा प्रांतापुरता न करता उगमापासून मुखापर्यंत सबंध नदीचा म्हणून मांडला. तळ्याचे पाणी प्यायला गेलेला माणूस पुढे नदीच्या नियोजनाकडे गेला. आपण अजून तळ्याच्या काठावरच उभे आहोत, आणि दरम्यान तळ्यातले पाणी कोणी तरी काढून नेत आहे. विहीर सर्वांना खुली झाली त्याच सुमारास ती आटावी, यात कोणाचा कट नसेलही. परिणाम मात्र कट असल्यासारखाच आहे.

निवृत्तीनंतर मी गावी एक काम सुरू केले. ते कोणत्याही वस्तीला करता येईल. शंभर फुटांची दोरी, दर हाताला एक गाठ, टोकाला दगड. वस्तीची विहीर आणि नदीपासून लांब, डोंगराकडची एक विहीर, अशा दोन विहिरी मोजायच्या. पाऊस कमी झाला तर दोन्ही उतरतील. वाळूने उतरली असेल तर नदीकाठची जास्त उतरेल. हा फरकच खरा पुरावा असतो; एकट्या विहिरीचा आकडा घेऊन गेलात तर ‘पाऊस नव्हता’ म्हणून वाटेला लावतात. तिसरी खूण पुलाच्या खांबावर: पात्रातली वाळू जेथे टेकते तेथे तेलरंगाची रेघ आणि तारीख. चौथी गोष्ट म्हणजे पावसाची नोंद, ती तालुक्याला मिळते. वही शाळेतल्या पोरींकडे ठेवावी. पोरे कंटाळतात, पोरींना पाणी आणावे लागते.

वाळूघाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घेण्याची तरतूद आपल्या वाळू धोरणांत राहिली आहे. आमच्याकडे ही सभा बहुधा कागदावरच होत असे. या खेपेला वस्तीतल्या चाळीस बाया वही घेऊन गेल्या. दहावीतल्या मुलीने सहा वर्षांचे आकडे वाचून दाखविले: डोंगराकडची विहीर मे महिन्यात जवळपास होती तेथेच, वस्तीची पाच हात खाली, खांबावरची वाळू चार हात खाली. सभेत एकाने विचारले, हे मोजले कोणी? ती म्हणाली, ‘आम्ही.’ बराच गोंधळ झाला. शिफारस झाली नाही, पण नाकारलीही गेली नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि आकडे इतिवृत्तात लिहून घेतले, ते आम्ही सहीशिक्क्यासह मागून घेतले आहेत.

सभेनंतर विहिरीवर दोरी सोडत होतो तर एक म्हातारी चुलती काठी टेकत आली. ‘काय बघायलास रं लेकरा हिरीत?’ पाणी किती आहे ते बघतो म्हणालो. ‘अन् बघून येतंय का ते वर?’ येत नाही म्हणालो. ती थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, ‘लिव्ह मग. नीट लिव्ह.’ दोरी वर ओढली. तेविसावी गाठ ओली होती. पुढची मोजणी ऑक्टोबरात.